चार नंबरच्या फाटकावरची ब्रेकबाई

तिचं नाव ब्रेकबाई ठेवलं ते रॅलीवाल्या पोरांनी. मी नाही. पण म्हणायचो मीही, हे कबूल करतो. तोंडावर अर्थात ‘मॅडम’. मी फटकळ असलो तरी वेडा नाही.

सरकारी जंगलात चाकाची कुठलीही गोष्ट न्यायची तर हिची सही लागायची. मधाच्या पेट्या ठेवणारा असो, विजेच्या तारा बघणारे असोत, पडलेली झाडं उचलणारा कंत्राटदार असो, सगळ्यांना वनविभागाच्या कचेरीत जिन्याखालच्या त्या खोलीत जावं लागे. खोली एवढीशी. एका भिंतीवर जंगलाचा नकाशा, दुसऱ्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या, टेबलाखाली चिखलाचे बूट आणि त्यांत कोंबलेली वर्तमानपत्रं. खुर्ची एकच, तीही तिची. आलेल्या माणसाने उभं राहायचं. मला वाटे, हे मुद्दाम आहे. नंतर कळलं की दुसरी खुर्ची तिने दोनदा मागितली होती आणि दोन्ही वेळा साहेबांच्या खोलीत गेली.

वर्षातून एकदा मोटार रॅली. साठ-सत्तर गाड्या, शिट्ट्या, झेंडे, तंबू. जंगलातल्या कच्च्या रस्त्याचा एखादा तुकडा बंद करतात आणि त्यावरून गाड्या एकेक करून सुसाट सोडतात, त्याला ते स्टेज म्हणतात. त्याचीही परवानगी हीच द्यायची, आणि देताना अटींची अशी यादी जोडायची की क्लबचा सेक्रेटरी ती दोन दिवस वाचत बसे. पक्ष्यांच्या अंड्यांच्या दिवसांत तारीख नको. प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी फीत आणि पाटी हवी. गाडी दुरुस्त कराल तिथे खाली ताडपत्री घाला, तेलाचा थेंब मातीत दिसला तर माती तुम्ही उचलायची. रॅली संपली की ही बाई सेक्रेटरीला बरोबर घेऊन अख्खा रस्ता पायी चालायची आणि चाकांनी पाडलेल्या चऱ्यांत आपली छत्री उभी करायची. छत्री वीतभर खाली गेली तर भरून द्या. सेक्रेटरी म्हणजे टायरच्या दुकानाचा मालक, देहाने अवाढव्य. तो घामाघूम होऊन मागे चालतोय आणि ही छत्री रोवत पुढे, हे मी चार नंबरच्या फाटकाशी उभा राहून दरवर्षी बघायचो आणि मला बरं वाटायचं. दुसऱ्याला छळलं की माणूस आपल्याला प्रामाणिक वाटतो.

एक सांगतो, तिला गाड्यांचा राग नव्हता. तिचे वडील लाकडाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. वळणाआडून येणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून ती सांगायची की हिचा सायलेन्सर सैल आहे, आणि गाडी समोर आली की खरंच तो लोंबत असायचा. एकदा एका ड्रायव्हरने प्रेमाने विचारलं, मॅडम, एक चक्कर मारता का शेजारी बसून. तर म्हणाली, माझ्याकडे हेल्मेट नाही. त्याने आपलं काढून पुढे केलं. ती म्हणाली, मग तुमच्याकडे राहणार नाही. विषय संपला.

आता मी कोण ते सांगतो. मी मापारी. जंगलातल्या लाकूड डेपोवर ओंडके मोजायचं काम एकतीस वर्षं केलं. डेपो बंद झाला, पण डेपोशेजारचं घर विभागाने आम्हा दोघांना हयातभर राहायला दिलं. जंगलाच्या कडेला पार्किंग आहे, तिथपर्यंत डांबरी रस्ता. तिथून दोन किलोमीटर कच्चा रस्ता आत आलं की चार नंबरचं फाटक, आणि फाटकाच्या आत किलोमीटरभर गेलं की आमचं घर. पार्किंगच्या पुढे बिनापास चाक फिरू शकत नाही. धडधाकट होतो तोवर चालत जायचो, चालत यायचो.

मग आमच्या हिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, मंगळवार, गुरुवार, शनिवार. इस्पितळात सकाळी सातची पाळी मिळाली, दुसरी रिकामी नव्हती. सातला पोचायचं तर साडेपाचला घर सोडायला हवं. फाटकावरचा चौकीदार येतो आठला. मुलगा म्हणाला, बाबा, या इकडे राहायला. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे, पण घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि खिडकीतून समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसतं. ही म्हणाली, मशीनला लावून चार-चार तास पडून राहायचं ते कशाच्या जोरावर? संध्याकाळी या ओट्यावर बसायला मिळतं म्हणून. ते काढून घेतलंत तर मी मशीनवरही जाणार नाही. ही उगाच बोलणाऱ्यांतली नाही.

म्हणून मी जिन्याखालच्या खोलीत गेलो आणि फाटकाची किल्ली मागितली. मागितली कसली, भांडलोच. एकतीस वर्षं या जंगलात घालवली आणि आता आपल्याच दाराची किल्ली मागायला उभं राहायचं, यावर मी बरंच बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं, मग एक कागद पुढे केला. पास वर्षभराचा, माणसं दोन, रुग्ण आणि चालक. किल्लीचा करार वेगळा. कुलूप चुकीचं लावल्याने कुणाचा रस्ता अडला तर किल्ली सहा महिने जमा. मी न वाचता सही केली. तिने कागद परत माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाली, वाचून करा. मी वाचल्यासारखं केलं.

या चुकीच्या कुलपाची भानगड समजून घ्या, कारण सगळं त्यावरच आहे. फाटकाला एक जाड साखळी. तिची दोन टोकं एका कुलपाने जोडलेली नाहीत, कुलपांच्या रांगेने जोडलेली आहेत. एका कुलपात दुसरं, दुसऱ्यात तिसरं, असं. विभागाचं पितळी, मधवाल्याचं, वीजवाल्यांचं आणि माझं. ज्याने त्याने आपापलं उघडलं की रांग तुटते आणि फाटक उघडतं, म्हणून दुसऱ्याच्या किल्लीची गरज कुणालाच नाही. मात्र परत लावताना आपलं कुलूप पुन्हा त्याच दोन शेजाऱ्यांत अडकवायचं. चुकून एखाद्या शेजाऱ्याला वगळून पुढच्या कडीत अडकवलं, तर तो बिचारा रांगेबाहेर पडतो. त्याचं कुलूप तिथेच लोंबकळतं, त्याची किल्लीही चालते, पण फाटक उघडत नाही. दिसायला सगळं ठीक दिसतं, म्हणून दोन्ही बाजूंनी ओढून बघावं लागतं. ‘ओढून बघितलं का?’ हे ब्रेकबाईचं पालुपद होतं. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडून ते पाच वेळा करून घेतलं. एकतीस वर्षं ओंडके मोजणाऱ्या माणसाकडून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. मग त्या वर्षीच्या रॅलीचा शनिवार आला.

शनिवार म्हणजे आमचा मशीनचा दिवस. ब्रेकबाईने महिनाभर आधी अटींच्या यादीत सतरावी अट घातली होती. दुपारी सव्वाबारा ते पाऊण वाजेपर्यंत स्टेज थांबवायचं, एका गाडीला घरी जाऊ द्यायचं. सेक्रेटरी तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला म्हणे, की साठ गाड्या, शंभर स्वयंसेवक, आणि हे सगळं एका जुन्या छोट्या गाडीसाठी थांबवायचं? ती म्हणाली, परवानगी हवी असेल तर हो. तेव्हापासून पोरं तिला ब्रेकबाई म्हणायला लागली. म्हणजे ते नाव तिला आमच्यामुळे पडलं, आणि मी ते नाव मिटक्या मारत वापरत होतो. लाज वाटते आता.

रॅलीसाठी साखळीत तीन दिवस एक लाल कुलूप वाढलं होतं. अपघात झाला तर धावायची रेस्क्यू गाडी आमच्या जुन्या डेपोच्या मैदानात, फाटकाच्या आत उभी, आणि स्टेजचा रस्ता फाटकाच्या बाहेरून जाणारा. हाक आली की लाल कुलूप उघडून बाहेर यायचं, अशी योजना. लाल कुलूप माझ्या शेजारचं. आदल्या दिवशी मला हे नीट सांगितलेलं होतं.

त्या पहाटे हिला उलट्या होत होत्या. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी चिडतो. फाटकावर रॅलीच्या फिती, पाट्या, कुणाचा तरी झेंडा. मी एकेक शिवी हासडत फाटक उघडलं, गाडी बाहेर काढली, कुलूप अडकवलं, दाबलं आणि निघालो. ओढून बघितलं नाही.

लाल कुलपात अडकवायचं कुलूप मी सरळ साखळीच्या कडीत अडकवलं होतं.

सकाळी दहाच्या सुमारास एक गाडी फाटकापासून थोड्याच अंतरावर घसरून चरात पडली. ड्रायव्हर सुखरूप होता, पण शेजारी बसून त्याला रस्ता वाचून दाखवणाऱ्याचा पाय अडकला, मोडला. रेस्क्यू गाडी दोन मिनिटांत फाटकाशी आली. लाल कुलूप उघडलं. साखळी सुटेना. चौकीदाराला त्या दिवशी पार्किंगमधली गर्दी आवरायला ठेवलेलं, पितळी कुलपाची किल्ली ब्रेकबाईच्या कमरेला, आणि ती पुढच्या तिठ्यावर. वायरलेसवर कळल्याबरोबर ती त्या खडकाळ रस्त्याने पळत आली. एकूण अकरा मिनिटं गेली. अकरा मिनिटं तो मुलगा गाडीत ओरडत होता; रेस्क्यूवाले फाटकावरून उड्या मारून पोचले, पण चरातली गाडी ओढून धरायचा दोर रेस्क्यू गाडीलाच बसवलेला, आणि ती साखळीच्या आत. मुलगा वाचला, पायही नीट जुळला, पुढच्या वर्षी तो परत रॅलीत होता. पण हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

आम्ही साडेबाराला परत आलो. सतराव्या अटीप्रमाणे स्टेज थांबलेलं होतं, आणि ती फाटकाशी उभी होती. माझं कुलूप तिच्या हातात. मला पाहिल्यावर तिने शांतपणे विचारलं, “हे असं तुम्ही लावलंत?”

मी काय केलं असेल? खोटं बोललो. म्हणालो, मी नाही, मधवाला आला असेल माझ्या मागून. त्याची फार घाई असते. वर आणखी दोन शब्द ऐकवले की ज्याला त्याला किल्ल्या वाटल्यावर असंच होणार. तोंडाचा पट्टा चालूच. मागच्या सीटवरून हिने काच खाली केली. चार तास मशीनवर पडून आलेली बाई, आवाजही नीट फुटत नव्हता.

“यांनीच लावलं,” ही म्हणाली. “ओढून बघितलं नाही. मी बघत होते.”

घरी आल्यावर मी हिच्याशी दोन तास बोललो नाही. मग चहा करून आणला आणि म्हणालो, अगं, किल्ली जाईल आता. ही म्हणाली, माहितीये. पण त्या पोराचा पाय मधवाल्याच्या गळ्यात नाही बांधायचा.

पुढच्या शुक्रवारी कचेरीत चौकशी. साहेब, सेक्रेटरी, ब्रेकबाई आणि मी. सेक्रेटरीने लेखी तक्रार आणली होती, आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. ब्रेकबाईने अहवाल लिहिला होता, तो साहेबांनी मोठ्याने वाचला. मी कान टवकारून ऐकत होतो की माझी कशी साल काढतेय. तर पहिलं वाक्य माझ्याबद्दल नव्हतंच. लिहिलं होतं, शेवटची खाजगी गाडी बाहेर गेल्यावर प्रत्येक फाटक तपासण्याची जबाबदारी माझी होती. मी चार नंबरचं फाटक पहाटे पाच वाजता, ती गाडी जाण्याआधी तपासलं आणि नंतर पुन्हा गेले नाही. त्या फाटकावर भरवशाचा माणूस आहे, असं मी गृहीत धरलं होतं. चूक माझी आहे. त्यानंतर दुसरं वाक्य, की कुलूप चुकीचं लावलं ते अमुक परवानाधारकाने, आणि करारानुसार त्यांची किल्ली सहा महिने जमा करावी.

भरवशाचा माणूस. मला वाटायचं, ही मला कटकट्या म्हातारा समजते. मान वर करायची सोय राहिली नाही. साहेबांनी तिला ताकीद दिली, तिच्या नोंदपुस्तकात शेरा पडला, आणि वीस वर्षांत तो तिचा पहिला शेरा होता, हे मला जिन्यावर शिपायाने सांगितलं.

पण माणसाचा स्वभाव बघा. लाज वाटत होती तरी जिन्याखालच्या खोलीत किल्ली टेबलावर ठेवताना मी तिला म्हणालो, तुमचा कागद जिंकला, मॅडम. आता माझी बायको ते घर सोडेल, आणि मग किती दिवस जगेल ते तुमच्या कागदात लिहून ठेवा. दगड आहात तुम्ही. तिने किल्ली घेतली, खिळ्याला टांगली, पावती फाडून दिली.

त्या संध्याकाळी मी मुलाला फोन केला. हिच्या दोन पिशव्या भरल्या. ही ओट्यावर बसून होती, मला आत-बाहेर करताना बघत होती. रडली नाही. रडली असती तर मला बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी शनिवार, मशीन, आणि फाटक आठपर्यंत बंद. मी काय ठरवलं होतं सांगू? गाडीत पहार टाकली. साखळी तोडायची, हिला इस्पितळात न्यायचं, तिथून परस्पर मुलाकडे. नंतर काय करायचं ते करू देत. या वयात मला तुरुंगात टाकून विभागाला काय मिळणार होतं?

साडेपाचला फाटकाशी पोचलो. नुकतं फटफटत होतं. फाटक सताड उघडं, आणि कडेला ब्रेकबाई, हातात पितळी कुलूप.

मी गाडी थांबवली. तिने गाडीत डोकावून मागच्या पिशव्या बघितल्या, पहार बघितली.

“किल्ली जमा झालीय, काका,” ती म्हणाली. “पास नाही झालेला. पास चालू आहे. निघा, सातची पाळी आहे.”

आणि वर म्हणाली की पहार घरी ठेवत जा, उगाच गाडीला वजन.

त्या दिवशी आम्ही मुलाकडे गेलो नाही. दुपारी परत आलो तेव्हा चौकीदाराने फाटक उघडलं. पिशव्या गाडीतून काढून मी हिचे कपडे परत कपाटात लावले, घडी न मोडता, अगदी होते तसे. संध्याकाळी ही ओट्यावर बसली. मी आत जाऊन नळ सोडून भांडी घासत राहिलो, कारण माझे डोळे वाहायला लागले होते आणि ते हिला दाखवायचे नव्हते.

मंगळवारी ती उभी. गुरुवारी ती उभी. पाऊस असो, धुकं असो, साडेपाचच्या आधी फाटक उघडं. आम्ही गेलो की ती मागे कुलूप लावायची, दोन्ही बाजूंनी ओढून बघायची, ते मला आरशात दिसायचं. सुरुवातीला मी नुसती मान हलवायचो. मग हिने एक दिवस काच खाली करून विचारलं, झोप होते का गं तुझी? ती म्हणाली, काकू, मी कोंबड्यांबरोबर झोपते. त्यानंतर दोघींचं रोज मिनिटभर बोलणं व्हायला लागलं, आणि मी गाडी चालू ठेवून दोघींच्या गप्पा संपायची वाट बघायला लागलो. घाई करा म्हणायची माझी छाती नव्हती.

एकदा मी विचारलं, जीप कुठे असते तुमची? तिने हाताने मागे कुठेतरी दाखवलं आणि म्हणाली, मला आत फिरती असते, तुम्ही निघा. मला ते खरं वाटलं. सरकारी माणूस, सरकारी गाडी, सरकारी काम. मी कशाला आणखी विचार करतो?

किल्ली परत मिळाली ती सहा महिन्यांनी, रीतसर, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सही केली, या वेळी खरोखर वाचून, आणि साखळी पाच वेळा लावून दाखवली. सांगायची गोष्ट आहे ती त्याआधी पंधरा दिवस घडली.

त्या मंगळवारी आम्ही फाटकातून निघालो, कच्चा रस्ता ओलांडून डांबरीवर लागलो, पाचसात किलोमीटर गेलो असू. इस्पितळातून फोन आला की मशीन बिघडलंय, दहाला या. दहापर्यंत बाकावर बसून काय करायचं? मी गाडी वळवली. म्हटलं, फाटकाशी ब्रेकबाई असेल अजून, उघडेल. पार्किंग ओलांडून कच्च्या रस्त्यावर जेमतेम शंभर-दीडशे पावलं आत आलो, तर समोरून ती येताना दिसली. पायी. बुटांना घोट्यापर्यंत चिखल, हातात छत्री, एकटीच. जीप नाही, काही नाही.

मी गाडी थांबवून उतरलो. विचारलं, जीप बंद पडली का? ती गोंधळली, पहिल्यांदाच तिला गोंधळलेलं बघत होतो. म्हणाली, जीप आठला मिळते. मी विचारलं, मग रोज येता कशा? तिने पार्किंगकडे मान वळवली. तिथे कोपऱ्यात एक जुनी स्कूटर होती, सीटला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली.

“मग स्कूटर आत का आणत नाही?”

“पास नाही.”

“पास तर तुम्हीच देता.”

“देते ना. पण पासवर कारण लिहावं लागतं, काका.” ती छत्रीच्या टोकाने बुटाचा चिखल काढायला लागली. माझ्याकडे बघत नव्हती. “काय कारण लिहू? त्या दिवशी मी तुमचं कुलूप ओढून बघितलं नाही, हे?”

मला मोजण्याची सवय आहे, जन्म त्यात गेला. दोन किलोमीटर आत, दोन बाहेर. आठवड्यातून तीनदा. साडेपाच महिने. पावसाळा धरून. आणि मी या बाईला तिच्या टेबलाशी उभा राहून दगड म्हणालो होतो. मला तिथे रस्त्यात तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर ‘असं कुठे असतं का!’ तेही चढ्या आवाजात. चांगलं बोलायची जिभेला सवयच नाही.

मागच्या सीटवरून ही म्हणाली, अगं बाई, बस आधी गाडीत. स्कूटरपर्यंत तरी सोडतो. ब्रेकबाई तिथेच उभी राहिली. मग अगदी गंभीरपणे म्हणाली, काकू, पासवर दोनच माणसं आहेत.

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. शंभर पावलांचा प्रश्न, जंगलात चिटपाखरू नाही, आणि पासवर दोनच माणसं.

मागे दार उघडल्याचा आवाज आला. ही गाडीतून उतरत होती. घरातून ओट्यावर आणि ओट्यावरून गाडीत, त्याच्यापलीकडे दोन वर्षांत न चाललेली बाई. मी धावलो, तर माझा हात बाजूला करून म्हणाली, “मग मी उतरते. आता गाडीत जागा झाली की नाही? नाहीतर आम्ही दोघी चालतो, तुम्ही या मागून.”

आणि तिने ब्रेकबाईच्या दंडाला धरलं. ब्रेकबाई म्हणाली, काकू, नको, दम लागेल. ही म्हणाली, लागू दे. तू माझ्यासाठी किती चाललीस ते मी आत्ता ऐकलं. एवढं तरी मला चालू दे. छत्री काखेत मारून ब्रेकबाईने दुसरा हात हिच्या पाठीमागे धरला आणि दोघी पार्किंगकडे निघाल्या, मधूनमधून थांबत. वर्षातून एकदा जिथून गाड्या धूळ उडवत सुसाट जातात, तोच रस्ता.

मी गाडीत बसलो, वळवली आणि पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे निघालो. पुढे दोघी काहीतरी बोलत होत्या, ते मला ऐकू येत नव्हतं. समोरचं नीट दिसेना म्हणून मी काच पुसली, तर काच स्वच्छ होती. क्लच सुटला, गाडी बंद पडली, आणि मी ती चालू न करता तसाच बसून राहिलो, त्या दोघी स्कूटरपाशी पोचेपर्यंत.